पाशाचं पथ्य

...आणि वर मलाच विचारतात, "नेबोयशा, कुत्रा सांभाळायचा म्हणजे त्यात काम ते काय रे?" काम ते काय! अहो, कुत्रा सांभाळणं हे कामच नव्हे. खायला घाला, फिरवून आणा, पाणी बदला, झाला कुत्रा सांभाळून! काम असतं ते कुत्र्याचे शेजारी सांभाळायचं. ते कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी आपला टायरच्या दुकानात पंक्चर काढत सुखानं म्हातारा झालो असतो.

तुम्हाला सांगतो, मी शाळा सोडली पंधराव्या वर्षी. फळ्यापाशी उभं करून कुणी काही विचारलं की माझी बोबडी वळायची. आणि नाव काय, तर नेबोयशा! म्हणजे ‘जो भीत नाही तो’. आईबापांनी पाळण्यात काय बघितलं असेल, कोण जाणे. माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून म्हटलं, जनावरं सांभाळावीत, ती उलट प्रश्न विचारत नाहीत. आणि सर्बियातल्या आमच्या सोंबोर गावात जनावरांना तोटा नाही हो, सगळ्यांच्या लेकी-सुना तिकडे ऑस्ट्रियात नाहीतर जर्मनीत, त्यामुळे आईबाप सारखे बसमध्ये, आणि मांजरं-कुत्री माझ्याकडे. कधी माझ्या खोलीवर, कधी मी त्यांच्या घरी. धंदा छान. अडचण एकच. मला नाही म्हणता येत नाही. काय करू?

तर रादोयका मावशींचा पाशा. डॅशहंड. म्हणजे पाय चार बोटांचे, पाठ हातभर, आणि पोट... पोटाचं काय सांगू, फुटपाथ झाडत चालायचं ते! मावशींची लेक तिकडे ऑस्ट्रियात, ग्रात्सला बाळंत होणार होती, चार आठवड्यांचा प्रश्न होता, आणि नेमकी त्याच वेळी पाशाच्या पोटाखाली गाठ निघाली. जनावरांच्या डॉक्टर ल्युपका, त्यांनी बोट नाचवत सांगितलं, "गाठ काढायची, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी. पण आज हा साडेबारा किलो आहे. बाराच्या वर एक चमचा जरी असला तरी मी भूल देणार नाही. त्याच्या हृदयाला झेपायचं नाही. आणि गाठ थांबणार नाही, तेव्हा तारीख पुढे ढकलायची भाषा नको."

मावशी बसच्या पायरीवर उभ्या, हातात बाळाचे विणलेले मोजे, डोळ्यांत पाणी. "नेबोयशा बाळा, घरात मला त्याच्याशिवाय दुसरं कोण आहे रे?" मी मान हलवली. चार आठवड्यांत अर्धा किलो. त्यात काय अवघड?

आणि मी काही कच्चा माणूस नाही हां. तुम्हीही कुणाचं जनावर सांभाळायला घ्याल तर लिहून ठेवा, मालक बसमध्ये चढायच्या आत सगळं विचारून घ्यायचं. डॉक्टरचा नंबर, औषधं, नेहमीचं खाणं, ते अचानक बदलायचं नाही, पोट बिघडतं. कशाला घाबरतो, झोपतो कुठे. आणि मालकाचा एखादा न धुतलेला स्वेटर मागून घ्यायचा, मागताना लाज वाटते, पण मागायचा, त्याच्यावर कुत्रं पहिल्या रात्रीपासून निवांत झोपतं. खाणं अंदाजानं नाही, काट्यावर मोजायचं. सकाळी साठ ग्रॅम, संध्याकाळी साठ ग्रॅम. मी तर दाणे मोजायचो! एखादा जास्त झाला तर परत डब्यात.

आठ दिवस झाले. फिरायला नेताना पाशाचा छातीचा पट्टा लावायला गेलो, तर बक्कल नेहमीच्या भोकात जाईना. ओढलं, दाबलं, पाशानं श्वास सोडला, मी श्वास धरला... नाही. एक भोक पुढे! म्हटलं, साठ ग्रॅम खाऊन हा फुगतोय कसा? हवा खातो की काय? मग मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. अहो, डुकराच्या तळलेल्या चरबीचा खमंग वास! आमच्या बेकरीतसुद्धा एवढा येत नाही.

आता इथं तुम्हाला त्या इमारतीचा जिना समजला पाहिजे. पाशाबरोबर मी मावशींच्या घरीच राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि डॅशहंडला जिना चढू द्यायचा नसतो, पाठीचा मणका दुखावतो, हेही लिहून ठेवा. त्यामुळे मी त्याला दिवसातून तीन वेळा दोन्ही हातांवर घेऊन वर-खाली. म्हणजे माझे दोन्ही हात गुंतलेले, आणि पाशाचं तोंड बरोबर माणसाच्या हाताच्या उंचीवर. ताटच की ते, चालतंफिरतं! तळमजल्यावर स्मिल्या आजी. दार किलकिलं, हात बाहेर. "पाशा, माझ्या सोन्या, किती वाळलास रे!" गपकन तुकडा पाशाच्या तोंडात. पहिल्या मजल्यावर द्रागुतिन काका आणि विदोसावा काकू. काका रेल्वेतून निवृत्त, दिवसभर दारातच उभे, गाडीची वाट बघितल्यासारखे. "थांब रे पोरा. सॉसेज आलंय गावाकडून." गपकन!

आणि महिना कुठला, तर नोव्हेंबर! घरोघरी डुक्कर कापलेलं, माळे सॉसेजनी भरलेले, आमच्याकडे नोव्हेंबरात कुणी पथ्य करत नाही हो, डॉक्टरसुद्धा करत नाहीत. मी म्हटलं, "आजी, त्याला डॉक्टरांनी..." तर आजी म्हणाल्या, "डॉक्टरांना काय कळतंय? ल्युपकाला मी लहानपणी बघितलीय, तीही अशीच हडकुळी होती. तू खा आधी, रंग बघ तुझा, भिंतीसारखा!" आणि मी खाल्लं. मला नाही म्हणता येत नाही. काय करू?

मग मी डोकं लढवलं. तोंडानं जमत नाही, तर कागदावर लिहू. रात्रभर विचार करून सकाळी इमारतीच्या दाराला चिठ्ठी लावली, ‘कृपया कुत्र्याला काहीही खायला घालू नये.’ संध्याकाळी येतो तर द्रागुतिन काका चष्मा लावून चिठ्ठी वाचतायत. "शिक्का कुठंय?"

म्हटलं, "कसला शिक्का?"

"शिक्का नाही, सही नाही, तारीख नाही. तीस वर्षं रेल्वेत काढली मी, बिनशिक्क्याच्या कागदावर आम्ही कोळशाचा डबा हलवला नाही." आणि पाशाच्या तोंडात सॉसेज. स्मिल्या आजींना चिठ्ठी मान्य होती, अगदी पूर्ण मान्य होती. म्हणाल्या, "बरोबर लिहिलंस बाळा, त्या अंगणातल्या भटक्याला लोक उगाच घालतात. पण आपला पाशा काय कुत्रा आहे?"

आता बोला!

त्याच आठवड्यात ते घडलं. ठरवून नाही हां, देवाशपथ. आजींचा हात आला, बोटांत चरबीचा हा एवढा तुकडा, पाशानं मान लांब केली, आणि मला त्या बसच्या पायरीवरच्या मावशी दिसल्या, हातात ते मोजे... हात माझे गुंतलेले, जीभ माझी अडकलेली, उरलं काय? मी मान खाली घातली आणि तो तुकडा मी खाल्ला. गपकन! आजींच्या बोटांतून!

मेलो लाजेनं. पण आजी टाळ्या पिटायला लागल्या. "अगं बाई, पोरगं भुकेलं होतं! लाजत होतं मेलं, आणि मला वाटत होतं आढ्यताखोर आहे!"

झालं. मला रस्ता सापडला. जे जे पाशाकडे येईल, ते ते मध्येच आपण गिळायचं. नाही म्हणायची गरजच नाही! तळमजल्याला चरबी, पहिल्या मजल्याला सॉसेज, दिवसातून तीन वेळा वर आणि तीन वेळा खाली, म्हणजे हिशेब करा. मग काकू ताट भरूनच द्यायला लागल्या, "अर्धं तुला, अर्धं पाशाला." कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, सहा-सहा वळकट्या. टाकायचं तरी कसं? माणसानं पहाटे उठून रांधलेलं! आणि काकू रिकामं ताट तपासून घेतात. पाशा माझ्यासमोर बसून एकेक घास डोळ्यांनी मोजायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. पण पट्टा! पट्टा एक भोक मागे आला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी पाशाचा मुका घेतला.

आणि मग आला द्रागुतिन काकांच्या घराण्याच्या संताचा दिवस. आता त्या दिवशी आमच्याकडे आमंत्रण नसतं, जायचंच असतं. नाही गेलात तर सात वर्षं जिन्यात ओळख दाखवत नाहीत. पाशाला एकट्याला ठेवायचा तर तो रडून इमारत डोक्यावर घेतो, म्हणून त्यालाही नेला. चाळीस माणसं, मेणबत्ती लावलेली, दारातच गोड शिजवलेले गहू, वर साखर, अक्रोड, आणि काकूंच्या माहेरच्या पद्धतीनं भरपूर मनुका. मी कोपऱ्यात, पाशा टेबलाखाली. आणि माझं लक्ष गेलं तर काकांचा हात खाली चाललाय, वाडग्यासकट! "संताचा प्रसाद आहे, पाशाला नको व्हय?"

लिहून घ्या हे, बाकी काही लिहू नका हवं तर. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला विष. किडनी जाते. कांदा नको, चॉकलेट नको, पण मनुका तर मूठभरही पुरते.

मी काय केलं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. मी म्हणे ओरडलो, "नाही!!" असा, की मेणबत्ती फडफडली, आणि चाळीस माणसांच्या पायांतून टेबलाखाली सूर मारला, वाडगा काकांच्या हातातून हिसकावला आणि पाशाला पोटाशी धरून तिथंच बसलो. वर पाद्रीबाबा घास घ्यायचे थांबले. मग टेबलक्लॉथ वर झाला आणि काकांचं डोकं खाली आलं.

"काय झालं रे?"

"मनुका," मी म्हटलं. "त्यानं... मरेल तो काका."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग वाडग्याकडे. मग पाशाकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मला माहीत नव्हतं रे पोरा," हळूच म्हणाले. "देवाशपथ माहीत नव्हतं." तिथंच वाकल्या वाकल्या त्यांनी पाशाच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, चला, सुटलो, आता सगळ्यांना समजलं, आता मीही नाही म्हणू शकतो! तेवढ्यात काका म्हणाले, "पण प्रसादाचा वाडगा परत जात नसतो. तू संपव."

टेबलाखाली बसून संपवला. मला नाही म्हणता येत नाही. माझ्यासाठी तर नाहीच येत. काय करू?

डिसेंबरचा पहिला सोमवार. रादोयका मावशी रात्रीच्या बसनं थेट दवाखान्यात, नात झालीय, खुशीत, पण नजर पाशाच्या पोटावर. आणि पाशा काट्यावर उभा राहीना. थरथर कापतो, आकडा नाचतो, तेरा, नऊ, साडेअकरा... डॉक्टर ल्युपका म्हणाल्या, "कुणीतरी त्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग माणसाचं वजा करू." मावशी दोन पावलं मागे सरकल्या. "चारचौघांत? मी नाही बाई!" म्हणजे मीच. पाशाला घेऊन चढलो.

"चौऱ्याऐंशी किलो आठशे," डॉक्टर म्हणाल्या. "तुझं वजन किती?"

"अडुसष्ट." माझं अडुसष्टच असतं. टायरच्या दुकानात होतो तेव्हापासून अडुसष्ट.

डॉक्टरांनी कागदावर वजाबाकी केली. पुन्हा केली. चष्मा काढून पुसला. "सोळा किलो आठशे."

मावशींच्या तोंडून असा आवाज आला, की दवाखान्यातली सगळी मांजरं एकदम फुसफुसली. "नेबोयशा! काय केलंस रे हे? माझ्या पाशाला मारलंस!" आणि डॉक्टर चवताळलेल्या, "अर्धा किलो कमी करायचा होता, तू चार वाढवलास? आता भूल विसरा!" मी तोंड उघडतोय, मिटतोय, शब्द नाही, फळ्यापाशी उभा असल्यासारखा, आणि मावशींचे डोळे भरून आलेले, आणि गाठ थांबणार नाही, आणि पाशा निवांत माझा कान चाटतोय...

तेवढ्यात फट्कन आवाज झाला. माझ्या विजारीचं बटण. उडालं ते डॉक्टरांच्या वहीवर.

डॉक्टर बटणाकडे बघतायत. मग विजारीकडे. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "पाशाला त्यांच्याकडे दे. आणि तू एकटा चढ."

एका हातानं विजार धरून चढलो.

"त्र्याहत्तर," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा वजाबाकी झाली. पाशा अकरा किलो आठशे! मावशी माझ्या गळ्यात पडल्या, विजारीचा विचार न करता. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, पाशा दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत घरी.

इथं संपायला हवं होतं की नाही? पण स्मिल्या आजींनी मावशींकडून सगळं ऐकलं, म्हणजे गावानं ऐकलं. नेबोयशा बारीक करून देतो! आता मला तीन जाड मांजरं आली, एक बोका तर असा आहे, की तो दारातून येत नाही, लोटावा लागतो. तेही एक वेळ चाललं असतं. परवा विदोसावा काकू खोलीवर आल्या, पिशवी खाली ठेवली, डोक्याच्या रुमालानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "बाळा, डॉक्टरांनी आमच्या ह्यांनाही दहा किलो उतरवायला सांगितलंय. माझं मेलं ऐकत नाहीत. त्या दिवशी तू ओरडलास ना, तेव्हापासून म्हणतात, या घरात ऐकावं असा एकच माणूस आहे. चार आठवडे ठेवून घे की तुझ्याकडे. सकाळ-संध्याकाळ फिरवून आण, मोजून घाल, बास. चावत नाहीत."

मी तोंड उघडलं हो. अगदी ‘ना’पर्यंत आलो होतो...

सोमवारी येतायत काका. उशी स्वतःची आणणार आहेत.