हरीचा पोचा

मंडळी, मागं उभे आहात ते जरा पुढं या. माइक नाय आपल्याकडं, आणि माझा आवाज आज कितपत टिकेल सांगता येत नाय. काकी, तुमच्याकडं बघून मला बोलता येणार नाय. मी या बत्तीकडं बघून बोलतो.

दामूकाका गेले. पाच दिवस झाले.

आपल्या शेणव्यात वरातीला जनरेटर आला आणि गॅसबत्त्या माळ्यावर गेल्या, भंगारात गेल्या. काका त्या मागून आणायचे. डोळखांबच्या पाड्यांवरून, मुरबाडच्या भंगारवाल्याकडून. पंपाची चामडी वायसर तेलात भिजवायचे, पिन साफ करायचे आणि भर दुपारी पेटवायचे. मी हसायचो. "काका, उन्हात उजेड दिसतोय का?"

"उजेड कोण बघतंय रे कॉलेजवाल्या? आवाज ऐक. सूं एकसारखा पायजे."

एक गोष्ट ते कधीच करायचे नाय. टाकीचा पोचा काढायचे नाय. गंज काढतील, पोचा नाय.

मला वाटलं, म्हाताऱ्याला जमत नसेल. एकदा ते वायसर आणायला मुरबाडला गेले, तेव्हा मी ही बत्ती घेतली. पोचा ठोकून काढला. घासून आरसा केला. ते आले. टाकीवरनं बोट फिरवत राहिले.

"हरी गेला रे," म्हणाले.

हरी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वरातीत हीच बत्ती डोक्यावर घेऊन नाचला आणि ठेचकाळला, बत्ती आपटली. त्याच पावसाळ्यात तो वारला. त्याचा फोटो नव्हता. तो पोचा होता.

मी घाबरून म्हटलं, "काका, परत पाडतो."

"तू पाडशील तो तुझा असंल."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी परत शेजारी बसवलं, पिन हातात दिली. माफी मागायला माझ्याकडं किती वर्षं होती? मागितली नाय.

आज सकाळी इथं आणताना ही बत्ती माझ्या हातातनं सुटली. बघा, इथं पोचा पडला. जुन्या जागेवर नाय, जरा खाली. काकी, हा मी काढणार नाय. कोणाला काढू देणार नाय.

काका, चुकलो.

मंडळी, उभे राहू या. बत्ती पेटलेली आहे. काका म्हणायचे, विझवताना फुंकर मारू नको, हवा सोड. मी हवेची चावी सोडतो. सूं थांबेपर्यंत कोणी बोलू नका. ऐका फक्त.