वैशूनं मानलेले आभार

अरे, पुण्यात कुणाच्या सेंड-ऑफचे फोटो बघितले ना, की मला आमच्या शिरूरची बारावीच आठवते. काय दिवस होते यार! आईच्या साड्या नेसून आम्ही मिरवतोय, वर्गातला मंग्या पोलीस भरतीसाठी छाती फुगवून चालतोय, आणि माइक अर्थातच माझ्याकडं. त्यात आमची वैशू, वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी, सरांना म्हणाली, "आभारप्रदर्शन मी करते." ते काम कुणालाच नको असतं, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष नाष्ट्याकडं!

प्रमुख पाहुणे म्हणजे वैशूचेच वडील, आप्पा. गावातली मोठी असामी. वैशूला पुण्याला नर्सिंग करायचं होतं, आणि घरी आप्पांचं एकच, "हॉस्टेल-बिस्टेल काय न्हाई." भाषणात मात्र असले पेटले! "पोरींना शिकवा! बाहेर पाठवा! भ्यायचं कशाला?"

मग वैशू उठली. माझ्याकडनं माइक घेतला तिनं. "प्रमुख पाहुण्यांनी स्वतःच्या मुलीला पुण्याच्या हॉस्टेलला पाठवायचं ठरवलं, त्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानते."

आईशप्पथ, अख्खा हॉल उभा राहिला! मंग्याच्या तर शिट्ट्या थांबेनात. आप्पांनी मांडीवरचं शाल-नारळ बाजूला ठेवलं. शेवटी उठले, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय. ठरवलंय."

स्टेजवरनं उतरताना सरांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होते.

"सर, पुढच्या वर्षीपास्नं आभार आधी घ्या. भाषण मागनं."