लाल चिंधीचा पंप

सन्माननीय अध्यक्ष कृष्णकांतजी साहेब, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आपल्या चारा प्रक्षेत्रावरचे सगळे सहकारी, पहिल्या रांगेतल्या शोभावहिनी आणि हार घालून अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती रुपरावजी, आपणा सर्वांना नमस्कार.

रुपरावजी, हार काढू नका. पाहते आहे मी!

अठ्ठावीस वर्षं या माणसानं पाठीवर फवारणीचा पंप वाहिला. अकरा वर्षांपूर्वी मी इथे नवीन अधिकारी म्हणून रुजू झाले. नव्यानं पेरलेल्या लसूणघासात तण दिसलं की माझा जीव खालीवर व्हायचा. हे म्हणायचे, "नंदिनी म्याडम, काहून घाई करून राहिल्या जी? पोराईले तीन पानं तं येऊ द्या, मंग मारू औषध!" रोपांना ते पोरंच म्हणतात.

आपल्याकडे पंप दोन. गव्हाच्या पंपाला लाल चिंधी, लसूणघासाच्या पंपाला पांढरी. गव्हातलं तणनाशक लसूणघासाला विषच, पंपात थोडं उरलं तरी संपलं. म्हणून रुपरावजी हे दोन पंप एका खोलीतसुद्धा ठेवत नसत. भांडलेले सोयरे जणू!

अध्यक्ष महाराज, जरा विषयांतर करते. मी रुजू झाले त्याच हिवाळ्यात लसूणघासाचे दोन वाफे मुरडून गेले, आपल्याला आठवत असेल. आपण विचारलंत, फवारलं कोणी? रुपरावजी म्हणाले, "म्याच, साहेब. चिंधी पाह्याची राहून गेली." आपण त्यांना मेमो दिलात.

साहेब, त्या दुपारी रुपरावजी वावरात नव्हतेच. तोंडी सुट्टी घेऊन मुलीच्या, खुशीच्या, शाळेत गेले होते. सुट्टी मीच दिली होती. आणि लाल चिंधीचा पंपही मीच उचलला होता.

माझी नोकरी तेव्हा पक्की नव्हती. मी भ्याले, गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते. नंतर रडत रडत विचारलं, असं काहून केलं? तर म्हणाले, "तुमाले तरी कुठं तीन पानं आली जी अजून?"

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वहिनी, घरी तुम्हालाही नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. ती चूक मात्र पोटात घालू नका, साहेब. तो मेमो रुपरावजींच्या फायलीतून काढा आणि माझ्या फायलीत लावा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. रुपरावजी, तीन पानं यायला मला फार उशीर झाला हो.