चौकटीबाहेरचे व्याही

कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे फोटोत आलं, असं नाय रे!

पोराच्या लग्नात व्याही मानपानावरून रुसलेले. कसेबसे समजावून फोटोला कडेला उभे केले. बिरवाडीचा फोटोवाला म्हणाला, “आबा, डोळा लावून बघा.” बघितलं, तर सगळी हायत, मधी नुसती बारीक चौकट. म्हटलं, “दाब!”

फोटोत व्याहीच गायब!

“आबा, लांबचं जवळ घ्यायला क्रॉप मोड लावलेला. चौकटीबाहेरचं दिसतं, पण फोटोत येत नाय.”

व्याही भडकले, “पोरगी दिली, आता आमचं काय काम?”

फोटोवाला तो मोड काढायला बटणं चाचपत बसला. तवर व्याही निघालेच असते. मी त्यांना धरून मधोमध उभं केलं नि आपण कडेला गेलो. व्याही हसले. ह्या फोटोत मी अर्धाच आलो.

आमची म्हातारी म्हणते, “बरं झालं. तुमचं सगळं तोंड आलं असतं, तर व्याही परत रुसले असते.”