दुसऱ्या फाटकाचं कार्ड

सेवादास : नाई जानरावभाऊ, तुमी आधी खाटेवर बसा, हे पानी घ्या. किन्हीराज्याहून तांड्यापावतर पायी आले, आन् उभ्यानं कायले बोलता?

जानराव : बसतो. पण आयकून घे. अठ्ठ्याहत्तरच्या माघात हैद्राबादच्या कारखान्यातून तुले काढलं, त्या अकरा खाड्यांचं सांगायले आलो मी.

सेवादास : साल उलटून गेलं त्याले.

जानराव : तू एकही खाडा केला नव्हता.

सेवादास : हे मले सांगून राह्यले तुमी? मी तं तवाच सांगत होतो. मुकादमाले सांगतलं, साहेबाले सांगतलं. रोज भोंग्याच्या टायमाले दुसऱ्या फाटकावर कार्ड घातलं डब्यात, हिरवा दिवा लागला, मंगच अंदर गेलो. साहेब म्हने, कम्प्युटरची तुह्यासंगं काय दुश्मनी हाय का?

जानराव : दिवा डब्याचा होता. कार्डाची भोकं डब्यानं वाचली, एवढंच तो दिवा सांगे. पुढं तुहा नंबर तारेवरून कम्प्युटरकडे जाये, एकएक आकडा, एकामागं एक. ते आकडे उचलून घ्यायचा प्रोग्राम मी लिहिला होता.

सेवादास : तुमीच?

जानराव : मीच. दोन्ही फाटकांचे आकडे एकाच टायमाले आले, का माहा प्रोग्राम पहिल्या फाटकाचा उचले. तेवढ्यात दुसऱ्याचा निसटून जाये. सहा आकड्यांतले पाच उरले, का अर्धवट नंबर म्हणून सगळाच फेकून दे. आन् नंबर पोचला का नाही, हे डब्याले उलटं कळवायची सोयच मी ठेवली नव्हती.

सेवादास : मंग बाकीच्याईचं काहून नाई गेलं?

जानराव : गेलं ना. कोणाचा एक दिवस, कोणाचे दोन. तू लांबून चालत येस, ऐन भोंग्याले पोचस. दोन्ही फाटकांवर तवाच गर्दी. म्हणून तुहे अकरा.

सेवादास : नोकरीले तुमीच लावलं होतं मले. डब्यात कार्ड कसं घालाचं, तेबी तुमीच दाखवलं.

जानराव : हो.

सेवादास : बापूनं तुमाले चिठ्ठी टाकली होती. मास्तराकून लिहून घेतली. पोरगा खरं बोलून राह्यला का, येवढंच पुसलं होतं.

जानराव : मी लिहिलं, रतनसिंगकाका, कम्प्युटर चुकत नाही. तवा मले तसंच वाटे, सेवादास. जाणूनबुजून खोटं नाही लिहिलं.

सेवादास : बापूनं ते दोनदा वाचून घेतलं. मंग मले म्हने, शहरात सिनेमे पाहत फिरला, आन् आता मशिनीवर आळ घेते. तवापासून बोलला नाई माह्यासंगं. एकाच वावरात राबत होतो आमी दोघं. भाकर आली का तो धुऱ्यावर बसे, मी बाभयीखाली.

(जानराव पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसतो.)

जानराव : तुहे खाडे डोक्यातून जात नव्हते. एक दिवस पहारेकऱ्याले पहिल्या फाटकावर उभं केलं, मी दुसऱ्यावर राह्यलो. हाताची खूण करून दोघांनी संगंच कार्ड घातलं. वीस वेळा. त्यातून चार वेळा माहा नंबर आलाच नाही.

सेवादास : हे कवाचं?

जानराव : जेठातलं.

सेवादास : बापू कार्तिकात गेला.

जानराव : माहीत आहे.

सेवादास : पाच महिने होते, भाऊ.

जानराव : साहेबाले सांगतलं मी. तो म्हणे, गुपचूप दुरुस्त कर, कागदावर आणू नको, गेलेली माणसं गेली. दोन दिवसांत दुरुस्त केलं. इकडे एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर साहेबाले कळलंही नसतं. लिहाले बसलोही. आमच्या घरातली पहिली नोकरी, म्हणून भीती वाटते, असं मी सोताले सांगत होतो. खरं म्हणजे लाज वाटली. काकाले मीच लिहिलं होतं ना, चुकत नाही म्हणून.

सेवादास : शेवटी शेवटी त्याले बोलता येत नव्हतं. मी पानी पाजलं, तं तोंड नाई फिरवलं त्यानं. मले वाटलं, पटलं आसंल त्याले. आता समजत नाई, पटलं होतं का नुसती तहान होती.

जानराव : तू म्हणशील ते करतो. कारखान्याले लेखी देतो. मग माहं काय व्हायचं ते होऊ दे.

सेवादास : द्या, नाई तं नका देऊ. मले तठी परत जायाचं नाई. तुमचा राग आला का, तेबी अजून समजून नाई राह्यलं. पन एक काम करा. याडी मांगं गोठ्यात हाय. तिले सांगा.

जानराव : भुरीबाईकाकूले? तूच सांग ना. माय आहे तुही.

सेवादास : मी साल झालं सांगून राह्यलो. ती म्हनते, आसंल बावा. बापूच्या मांगं मले दुखवत नाई, येवढंच... याडी, अठी ये वं. जानरावभाऊ आले, किन्हीराज्याचे.

भुरीबाई : कोन, जानराव? हैद्राबादचे? बसा ना बावा. शेन काढत होती मी. काय म्हनता?

जानराव : काकू, सेवादासच्या नोकरीचं सांगायचं होतं. त्यात चूक जी झाली...

भुरीबाई : थांबा बावा. या कानाकून या. आन् सावकाश सांगा, मले कमी आयकू येते.