गोलमागची जागा

तिकिटाच्या रांगेत गोलकीपरची आई उभी होती. तिच्या पुढे एक गृहस्थ आणि त्यांचा मेहुणा वाद घालत होते.

"संघ नव्याने बांधतायत, भाऊजी. जरा दम धरा."

"किती? लागोपाठ सात मॅच हरले!"

"सहा. एक बरोबरीत सुटली."

"मैदानातले दिवे गेले म्हणून! आणि तो गोलकीपर? बॉल आला की पाहुणा आल्यासारखा बाजूला होऊन वाट देतो."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काकू, तुम्हीच सांगा, दम धरायचा?"

"मला खेळातलं कळत नाही. हरून आला की तो धड जेवत नाही, एवढं कळतं."

"कोण तो?"

"वाट देणारा."

भाऊजींनी घसा खाकरला. खिडकीशी पोचल्यावर ते म्हणाले, "काकूंचं धरून तीन द्या. गोलमागची मात्र नकोत. माझा आवाज लांबवर जातो."