टाइम ऑफिसचा पासवर्ड

जबाब, दि. ९ डिसेंबर १९९३

मी नानासाहेब बन्सी दारुंटे, वय २९ वर्षे, धंदा नोकरी (कॉम्प्युटर ऑपरेटर), रा. हर्सूल, औरंगाबाद. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वाळूज येथील गिअरच्या कारखान्यात चार वर्षांपासून आहे. माझे सख्खे मामा तात्यासाहेब मनाळ तिथे टाइम ऑफिसात हजेरी पाहतात. त्यांनीच मला कामाला लावले.

पूर्वी सगळ्या ऑफिसला मिळून एकच पासवर्ड होता. आओ जाओ घर तुम्हारा. पाडव्यापासून मी प्रत्येकाला वेगळा लावला. आठ अक्षरे, त्यात दोन आकडे, स्वतःचे नाव चालणार नाही, दरमहा बदलायचा. न पाळल्यास मशीन आत घेत नाही. लोकांनी मला शिव्या घातल्या आणि चिठ्ठ्या लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवल्या. मामांना पासवर्ड सुचत नसे, म्हणून तो मी ठरवून त्यांना तोंडी सांगत असे. तो आम्हा दोघांनाच माहीत होता.

दि. ३ रोजी सायंकाळी साडेचारला शहरात मोर्चाच्या वेळी बसवर दगडफेक झाली. त्यात आमच्याकडील कामगार सूर्यभान मुंजाबा सोन्नर यास अटक आहे. तो नामांतराच्या मोर्चांना जातो, त्यावरून मामांचे व त्याचे दोनदा वाजले होते. परंतु त्या दिवशी तो दुपारच्या पाळीला होता. साडेचारला मी त्याच्यासोबत चहा घेतला. त्याची हजेरी मी स्वतः भरली. आता कॉम्प्युटर खाडा दाखवतो. मशीनच्या नोंदीप्रमाणे दि. ४ रोजी सकाळी ९.१० वाजता मामांच्या पासवर्डने हजेरी बदलली गेली. मी त्या दिवशी रजेवर गंगापूरला होतो.

आज सकाळी मामांनी मला घरी बोलावले. म्हणाले, "नाना, येवढंच म्हण, माझी चिठ्ठी बी काचंखाली व्हती. कुणी बी वाचली असंल. लई काय मागत नाय मी." मामी आवडाबाईंनी भाकर वाढली. मी ती तशीच ठेवून इकडे आलो. तसे सांगितले तर खाडा कोणी टाकला हे ठरणार नाही, आणि सूर्यभान आत राहील. मामांचे माझ्यावर उपकार आहेत. मला फार वाईट वाटते.

साहेबांनी विचारले, तात्यासाहेबांची चिठ्ठी होती काय? नव्हती. अख्ख्या ऑफिसात माझा नियम एकट्या मामांनी पाळला.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. काही खोडायचे आहे काय, असे त्यांनी दोनदा विचारले. नाही.